कँटनहून आणलेल्या लिचीच्या दोन फांद्या

राजारामपुरीतल्या एका गल्लीत प्रियदर्शनी मॅडमचं बुटीक आहे. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक शेला दिसायचा. मोतिया रंगाचा. त्याच्या एका टोकाला मोर, आणि मोराची मान मागं वळून स्वतःच्याच पिसाऱ्याकडं बघणारी. खाली पितळी पट्टी होती : 'कलाकृती – प्रियदर्शनी'. लग्नाचा ब्लाउज शिवायला आलेल्या मुली त्या शेल्यापुढं उभ्या राहून फोटो काढायच्या. मीही एकदा काढला आहे. तो मोर शाहिस्ताआपांनी भरलेला आहे हे मला दोन वर्षांनी कळलं, त्यांच्याकडं आरीचं भरतकाम शिकायला जायला लागल्यावर.

आपा पेठ वडगावच्या. वय अडतीस. त्यांची आई हुसेनबी दर्ग्यावर चढवायच्या चादरींना जरीची किनार भरायच्या; त्यांच्याच मांडीशी बसून आपा शिकल्या. आरी म्हणजे टोकाला बारीक आकडी असलेली सुई. कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवायचं, वरून सुई टोचायची, खालून दुसऱ्या हातानं दोरा पुरवायचा. खालचा हात कुणाला दिसत नाही. काम निम्मं त्याचंच असतं.

विसाव्या वर्षी आपा मॅडमच्या बुटीकमध्ये कामाला लागल्या आणि दहा वर्षं राहिल्या. कारागिरांची खोली मागं होती. गिऱ्हाईक आलं की मधला पडदा ओढून घ्यायचा, असा नियम होता. मॅडमना कापडाची नजर होती, बोलणं गोड होतं, पण हातात सुई कधी धरलेली नव्हती. एकदा त्यांनी विचारलं, "शाहिस्ता, हाताचं काम कुठलं आणि मशीनचं कुठलं, पटकन कसं कळतं गं?"

"उलटं करून बघायचं, मॅडम. पुढनं सगळीच गोड दिसत्यात. मागं गाठी दिसल्या, की माणूस बसलावता म्हणायचं."

मॅडमनी ते वाक्य उचललं. पुढं कितीतरी वर्षं त्या गिऱ्हाइकांना तेच सांगत राहिल्या, "माणूस बसलावता"चं "माणूस बसला होता" करून.

शेला भरायला आपांना चार महिने लागले. जिल्ह्याच्या एका प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. मॅडम स्टेजवर गेल्या, हार घालून घेतला, परत आल्या आणि चौकटीसाठी पितळी पट्टी करायला टाकली. आपा त्या दिवशी पहिल्यांदा पडद्याच्या पुढं आल्या. म्हणाल्या, "मॅडम, पट्टीवर माझं पण नाव घाला की. खाली, बारीक अक्षरात घातलं तरी चालंल."

दुकानात तीन-चार बायका होत्या. मॅडम हसल्या. "नाव पुढं असतं, शाहिस्ता. गाठी मागं."

बायकाही हसल्या.

त्याच आठवड्यात मॅडम बँकॉकहून आल्या होत्या. कारागिरांसाठी त्यांनी मुद्दाम भेट आणली होती : प्रत्येकीला एकेक छोटा साबण, हॉटेलच्या नावाचा. आपांच्या वाट्याला आलेल्या साबणाचा कागद फाटलेला होता. साबण एकदा भिजून वाळलेला होता. आपांनी तो पिशवीत टाकला, आपली आरी घेतली आणि वडगावची गाडी धरली. ही गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. साबण अजून त्यांच्या सुयांच्या डब्यात आहे. मी शिकायला जायचे तेव्हा डबा उघडला की त्याचा मंद वास यायचा. वापरत का नाही असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "झिजंल की मग."

मधल्या वर्षांत आपांनी घराच्या वरच्या मजल्यावर स्वतःचं काम उभं केलं. सहा बायका भरायला बसतात. इचलकरंजी, निपाणीहून ब्लाउज येतात. पण कोल्हापूरला गेल्या की आपा त्या गल्लीतून गेल्याशिवाय परत यायच्या नाहीत. गाडी हळू करायच्या, काचेतून मोर बघायच्या, पट्टी वाचायच्या आणि पुढं जायच्या. त्यांना एकच गोष्ट हवी होती. त्या पट्टीवर आपलं नाव. ती नाही मिळाली तर स्वतःचं नाव तिथं असल्याची लाज तरी मॅडमना वाटावी.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचा मामेभाऊ अझहर त्यांना चीनला घेऊन गेला. अझहरचा मणी, टिकल्या, लेसचा होलसेलचा धंदा. माल ग्वांगझूहून येतो. जुन्या बायकांना ते नाव सांगून पटत नाही म्हणून तो जुनं नाव सांगतो, कँटन. "आपा, मला मणी कळत न्हाई, मला फक्त पोती कळत्यात. तू चल," असं म्हणून त्यानं तिकीट काढलं.

सहा दिवस मणी निवडले. सातव्या दिवशी खरेदी. लांबच्या प्रवासाहून रिकाम्या हातानं यायची आपल्याकडं पद्धत नाही, आणि हुसेनबींनी तर यादीच दिली होती : शेजारी, सहा बायका, दोन नणंदा, मशिदीतले हजरत.

खाऊच्या दुकानांत बशीएवढे पापुद्र्याचे केक होते, आत कोहळ्याचा गोड मुरंबा. आपांना वास आवडला. अझहरनं पाकिटावर मोबाइल धरून भाषांतर वाचलं आणि पाकीट जागेवर ठेवलं. "डुकराची चरबी. चल." पिवळ्या बिस्किटांच्या पुड्यावरही तेच निघालं. शेवटी जुन्या मशिदीजवळच्या एका दुकानात तशीच बिस्किटं चरबीशिवाय मिळाली. नाव बदामाचं, पण पीठ मुगाचं. साच्यात दाबून भाजलेली, तोंडात टाकताच भुगा होणारी. त्याचे बारा डबे घेतले. ताडाच्या पानांचे पंखे घेतले. गुलाबी-हिरव्या फुलांच्या, सोनेरी काठाच्या बश्या घेतल्या. हजरतांसाठी हाडात कोरलेला चेंडू घेतला. त्या चेंडूच्या आत चेंडू, त्याच्याही आत चेंडू, आणि सगळे सुटे फिरणारे.

मग एका दुकानात काचेच्या बरण्यांमध्ये वाळलेल्या साली दिसल्या. संत्र्याच्याच, पण काळपट, तीन पाकळ्यांत उमललेल्या. प्रत्येक बरणीवर वर्ष लिहिलेलं. जितकी जुनी तितकी भारी. दुकानदारानं वीस वर्षांपूर्वीची बरणी उघडली. आपांनी वास घेतला आणि बरणी हातातच धरून ठेवली.

"आपा, साल कशाला घेतीस? आपल्याकडं उकिरड्यावर पडलेली असती की."

"वीस वर्षं कुणी ठेवली न्हाई ती," आपा म्हणाल्या. "बांधायला सांग त्याला."

भरतकामाचं दुकान त्यांना संध्याकाळी सापडलं. टेबलावर ठेवायचा एक गोल पडदा होता, लाकडी पायांवर फिरणारा. पारदर्शक रेशमावर लिचीची फांदी, पाच फळं, एक छोटा पक्षी. आपांनी सवयीनं तो उलटा केला. मागंही तीच फांदी. तीच पाच फळं. एकही गाठ नाही, एकही सुटा दोरा नाही. त्यांनी परत उलटा केला. कुठली बाजू पुढची हे त्यांना सांगता येईना. म्हणाल्या, "आयुष्यभर मी मागली बाजू लपवली, आणि हिनं मागली बाजूच ठेवली न्हाई."

दुकानाच्या कोपऱ्यात एक म्हातारी भरायला बसली होती. तिनं आपांचं बोट हातात घेतलं, आरी लागून झालेल्या घट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि शेजारी स्टूल ओढलं. मग दाखवलं : रेशमाचा एक दोरा नखानं उकलून त्याचे केसाएवढे पदर कसे करायचे, आणि दोऱ्याचं शेवटचं टोक आधीच्या टाक्यांखाली कसं निजवून टाकायचं, म्हणजे गाठ मारावीच लागत नाही. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तासभर कुणाला तिची गरज पडली नाही. आपांनी तो पडदा घेतला.

दुसऱ्या दिवशी मण्यांच्या बाजारात, जिन्याखाली, तसलेच पडदे ढिगानं रचलेले दिसले. मशीनवरचे. तीच लिची, तोच पक्षी, पण चकाकी दुप्पट. आपांनी एक उलटा केला. मागं मशीनच्या बॉबिनचा पांढरा दोरा, एका फळावरून दुसऱ्या फळावर मारलेल्या उड्या, लोंबणारी टोकं, गुंते. सगळीकडं गाठीच गाठी दिसाव्यात असं. आपांना हसू आलं. मग हसू थांबलं. अझहर सांगतो, तिथं त्या ढिगापुढं त्या एवढा वेळ उभ्या राहिल्या, की त्याला वाटलं तब्येत बिघडली.

"हा पण घे," त्या म्हणाल्या.

"हा? ह्यो कचरा? कुणासाठी?"

"मॅडमसाठी. त्या हाच उचलतील."

परत आल्यावर दोन महिने आपांनी काही केलं नाही. दोन्ही पडदे कपाटात ठेवले, बिस्किटं वाटली, काही डबे राखून ठेवले. त्या वाट बघत होत्या, आणि त्यांना फार बघावी लागली नाही. जानेवारीत मॅडमचा फोन आला, आठ वर्षांत पहिल्यांदा.

"शाहिस्ता, चायनाला गेलतीस म्हणं. अभिमान वाटला बघ. संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलंय बुटीकमध्ये, ये की. तिकडचं काय काय आणलंयस ते दाखव सगळ्यांना. आपल्या बुटीकची पोरगी कुठं पोचली, बघू देत लोकं."

"येतो की, मॅडम," आपा म्हणाल्या. कोल्हापुरी बायका स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात तसं.

फोन ठेवल्यावर हुसेनबींनी विचारलं, "आपल्या म्हंजे कुणाच्या गं?"

त्या दिवशी मीही गेले होते, पिशव्या धरायला. बुटीकमध्ये पस्तीस-चाळीस बायका. हलव्याचे दागिने, गजरे, अत्तर. मॅडमची भाची अनुजा मोबाइल घेऊन सगळ्याचं चित्रण करत फिरत होती. बुटीकचं इन्स्टाग्राम तीच बघते. मॅडमनी आपांना खांद्याला धरून मधे उभं केलं. "ही आमची शाहिस्ता. आमच्याच मागच्या खोलीत शिकली."

आपांनी बिस्किटं वाटली. एक बाई खाऊन म्हणाली, "अगंबाई, हे तर मुगाचे लाडू चेपून केलेत की." दुसरी म्हणाली, "चिन्यांच्या सासवा कंजूष असणार, तूप घातलं न्हाई." हशा झाला. पंखे फिरले, बश्या हातोहात फिरल्या. संत्र्याची साल बघून एकीनं विचारलं, "हे चुकून आलं काय सामानात?"

मग आपांनी दोन्ही पडदे शेल्याखालच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. बायका पुढं सरकल्या.

"मॅडम, घरातलं मोठं माणूस पहिल्यांदा निवडतं. मान तुमचा. यातला एक दुकानाला. कुठला ठेवता?"

मॅडमनी अनुजाकडं बघितलं, कॅमेरा आहे ना याची खात्री केली, आणि पदर सावरला. "आता बघा हं, हे शिकण्यासारखं आहे. गिऱ्हाईक इथंच फसतं." त्यांनी खरा पडदा उचलला, फिरवला. "हा बघा. पुढून जसा, तसाच मागून. एक गाठ नाही. इतकं सफाईदार माणसाच्या हातून होतच नाही. हे मशीन." मग दुसरा उचलला. मागची बाजू कॅमेऱ्याकडं केली. "आणि हा बघा. या गाठी, हे दोरे. मी नेहमी सांगते, काम उलटं करून बघायचं. गाठी दिसल्या की माणूस बसला होता समजायचं. बिचारी कुणीतरी महिनेन्‌महिने बसली असेल."

टाळ्या पडल्या. मी आपांकडं बघितलं. त्या वर शेल्याकडं बघत होत्या. घरून निघताना त्यांनी ठरवलं होतं, की मॅडमनी चुकीचा उचलला की सगळ्यांसमोर सांगायचं. मला तसं बोलल्याही होत्या. त्यांचे ओठ हललेही. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मॅडमना कळतंय त्यातलं. भिंतीवर लावा, मॅडम. शेल्याच्या शेजारी. खाली पट्टी पण करा."

"करणारच," मॅडम म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, का नाही बोललात. आपांनी गाडीला किल्ली लावली. "तिथं बोललो असतो तर चाळीस बायकांनी ऐकलं असतं. आणि घरी जाईस्तोवर इसरल्या असत्या."

चार दिवसांनी पडदा पायांवरून काढून, चौकटीत घालून भिंतीवर लावला. पट्टी आली : 'कँटनची अस्सल हस्तकला – निवड : प्रियदर्शनी'. त्याच दिवशी अनुजानं चित्रफीत टाकली. पहिल्या दिवशी फुलांच्या खुणा आल्या. दुसऱ्या दिवशी मिरजेच्या एका कारागिरानं खाली लिहिलं, "मॅडम, हातानं भरणारा मागनं पांढरा दोरा कशाला घालंल? ती बॉबिन हाय." मग बेळगाव, सोलापूर, हुबळी. आरी, जरदोसी, मशीन, सगळ्या हातांची माणसं. कुणी लिहिलं, "मॅडमच्या हाताला बॉबिन बसिवली काय?" कुणी चित्रफीत थांबवून कँटनच्या म्हातारीनं भरलेला तो दुसरा पडदा मोठा करून दाखवला आणि लिहिलं, "हे मशीन म्हणं. डोळं तपासा." आठवड्याच्या शेवटी कुणीतरी साधाच प्रश्न विचारला. त्याला सगळ्यांत जास्त उत्तरं आली.

"मग भिंतीवरला शेला कुणी भरलाय?"

आपा हे सगळं रोज दुपारी जेवताना वाचायच्या. हुसेनबींना वाचून दाखवायच्या. आवडलेलं परत वाचायच्या. तेवढ्या दिवसांतच मी त्यांना पोटभर जेवताना बघितलं.

बुधवारी सकाळी मॅडमची गाडी वडगावात आली. मॅडम एकट्याच जिना चढून वर आल्या. सहाही बायकांचे हात थांबले. हुसेनबी खाटेवरून म्हणाल्या, "या पावणं, बसा." दहा वर्षं मुलीला पगार देणाऱ्या बाईला त्यांनी अनोळखी माणसासारखी हाक मारली. मॅडमच्या ते लक्षात आलं.

आपांनी पाण्यात सालीची एक पाकळी उकळून कप पुढं केला. "वीस वर्षांची हाय. ठेवली की चांगली होती म्हणत्यात."

मॅडमनी घोट घेतला. "कडू आहे."

"पहिल्यांदा लागतं."

मॅडमनी कप खाली ठेवला. "तुला माहीत होतं."

"व्हय."

"मग सांगायचं की तिथंच. आठ वर्षं झाली, अजून मनात धरून बसलीस?"

"तुम्ही बोलत होता, मॅडम. मधी कशी बोलू? मागच्या खोलीतली मी."

मॅडम थोडा वेळ बायकांच्या चौकटींकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पर्समधून पातळ कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि आपांच्या मांडीवर ठेवलं. पितळी पट्टी होती. नवीन, चकचकीत. 'कलाकृती – शाहिस्ता'. बारीक अक्षरात नाही. पहिल्या पट्टीएवढ्याच.

"आज लावते," मॅडम म्हणाल्या. "अनुजाला घेऊन येते, तू फक्त दोन वाक्यं बोल कॅमेऱ्यापुढं. की ती आपण ठरवून केलेली गंमत होती. लोकांना हात आणि मशीन ओळखता येतं का बघायला. तुझं नाव लागेल, माझं दुकान राहील. दोन लग्नांच्या ऑर्डरी परत गेल्यात, शाहिस्ता."

आपांनी पट्टी हातात घेतली. अक्षरांवरून बोट फिरवलं, त्या म्हातारीनं त्यांच्या घट्ट्यावरून फिरवलं होतं तसं. मग उलटी केली. मागं पितळ कोरं होतं. मला वाटलं, घेणार. हुसेनबींनाही वाटलं असावं. त्यांनी खाटेवर पाय खाली सोडले.

आपांनी पट्टी परत कागदात गुंडाळली. घड्या होत्या तशाच घातल्या. मॅडमच्या पर्सवर ठेवली.

"राहू द्या. तुमचंच नाव बरं हाय तिथं. दोन्हीच्या खाली."

"शाहिस्ता, हट्ट करू नको. तुला पाहिजे होतं ना नाव?"

"पाहिजे होतं." आपा उठल्या, सुयांचा डबा उघडला, साबण काढून कपाशेजारी ठेवला. फाटक्या कागदासकट. "हे पण घेऊन जावा. बँकॉकचं हाय. मुद्दाम जपून ठेवलंय तुमच्यासाठी."

मॅडमनी साबण ओळखला की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी तो घेतला नाही. जिना उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज एकदा मधेच थांबला आणि परत सुरू झाला.

गाडी गेल्यावर हुसेनबी म्हणाल्या, "आठ वर्षं त्या गल्लीतनं फिरलीस. दाराशी आलंवतं, माघारी धाडलंस."

"खोटं बोलून घ्यायचं व्हतं का?"

"खोटं म्हणून न्हाई धाडलंस तू," हुसेनबी म्हणाल्या. "मला सांगू नको."

आपा चौकटीशी बसल्या, दोरा उकलायला घेतला. तो केसाएवढा करायचा अजून जमत नव्हता. तिसऱ्या पदराला तुटायचा. त्या दिवशी बराच तुटला.

पुढच्या मंगळवारी दोऱ्याची खरेदी करायला आम्ही कोल्हापूरला गेलो. आपांनी नेहमीसारखी गाडी त्या गल्लीत घातली आणि हळू केली. काचेआड समोरची भिंत रिकामी होती. चौकटी काढल्या होत्या, दोन्ही. जिथं शेला होता तिथं रंग जरा उजळ राहिला होता, आणि वर दोन खिळे.

"बरं झालं," आपा म्हणाल्या. गाडी मात्र उभीच राहिली. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, तेव्हा निघालो.

त्यानंतर चारेक महिने झाले. पट्टी नाही, मोर नाही, आणि कारागीर मंडळी आता दुसऱ्याच कुणाला हसत असतील. दुकान चालू आहे, थोडं कमी. आपांच्या टेबलावर म्हातारीचा तो लिचीचा पडदा असतो. रोज सकाळी त्या तो पुसतात, फिरवतात, आणि कुठलीही बाजू पुढं ठेवून कामाला बसतात. शेल्याचं नाव त्यांनी परत काढलं नाही. फक्त एकदा, पावसाळी हवेत रेशमाच्या गठ्ठ्यांमध्ये डांबराच्या गोळ्या ठेवता ठेवता त्या थांबल्या.

"कपाटात टाकला असंल न्हाई का तिनं," माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या. "गोळ्या तरी टाकल्या असतील का गं?"